मॉलचं पुढे काय होणार? : वर्गातले दोन प्रश्न आणि गड्ड्याचा धडा



दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा होता. चौथीच्या वर्गात 'बाजार' या विषयावर गप्पा चालू होत्या. मी सहज विचारलं, "दिवाळीचे कपडे कुठून आणले?" नवी पेठ, मधला मारुती, गावचा आठवडी बाजार अशी उत्तरं आली. पण निम्म्याहून जास्त हात वर झाले ते "मोबाईलवरून मागवले" या उत्तराला! चार वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा असे दोन-तीनच हात वर आले होते.

मग विषय मॉलवर गेला. दोन-चार मुलं पुण्याला नातेवाईकांकडे जाऊन आली होती. सरकता जिना, थंडगार हवा, काचेची लिफ्ट असं वर्णन सुरू झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, मॉलमध्ये जायला तिकीट किती असतं?" वर्ग हसला. ते हसू थांबायच्या आत एका मुलीने विचारलं, "बाई, सगळेच मोबाईलवर घ्यायला लागले तर दुकानं बंद होतील का? माझी आई कापडाच्या दुकानात कामाला आहे."

या प्रश्नावर मात्र कुणी हसलं नाही. मलाही लगेच उत्तर देता आलं नाही. "उद्या सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली आणि घरी येऊन वाचायला बसले. त्या वाचनातून आणि विचारातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर मांडते. तुमच्याही वर्गात, तुमच्याही घरात हे प्रश्न कधी ना कधी येणारच आहेत.

मॉल आला कुठून?

चारही बाजूंनी बंद, आतून थंड आणि एका छपराखाली अनेक दुकानं असा पहिला आधुनिक मॉल 1956 साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात उघडला. त्याचं नाव साउथडेल. तो आखणारे व्हिक्टर ग्रुएन मूळचे युरोपातल्या व्हिएन्ना शहराचे. त्यांच्या मनात नुसती दुकानं नव्हती. आपल्याकडे गावात पार असतो, तसा लोकांनी एकत्र यायचा चौक त्यांना छपराखाली आणायचा होता. झाडं, बाकं, बसून गप्पा मारायला जागा! प्रत्यक्षात पुढे जागोजागी जे मॉल झाले त्यांत दुकानं राहिली आणि चौक हरवला. उतारवयात ग्रुएन यांनी स्वतःच अशा मॉलबद्दल उघड नाराजी व्यक्त केली.

भारतात मॉलची हवा सुरू झाली ती 1999 च्या सुमारास. मुंबईत हाजी अलीजवळ 'क्रॉसरोड्स' नावाचा मॉल त्या वर्षी सुरू झाला. आता आमच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न आठवा. सुरुवातीला तिथे बघ्यांची इतकी गर्दी झाली, की मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरा आणि मगच आत या, असा नियम करण्यात आला होता. त्या काळात मोबाईल किती जणांकडे होता? म्हणजे "तिकीट किती?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो नियम टिकला नाही. पुढे त्या मॉलचं नाव बदललं आणि गर्दीही ओसरत गेली.

मुंबईतच लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला. जिथे सूत निघायचं तिथे तयार कपडे विकले जाऊ लागले. आपल्या सोलापुरालाही गिरण्यांचा मोठा इतिहास आहे. 1877 साली सुरू झालेली आपली 'जुनी गिरणी' आणि तिच्या मागून आलेल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पण पुण्या-मुंबईसारखी मॉलची रांग काही आपल्याकडे लागली नाही. आपला बाजार अजूनही नवी पेठेत आणि चाटी गल्लीतच भरतो. त्यामुळे मॉलच्या भवितव्याकडे आपण जरा लांबून, शांतपणे पाहू शकतो.

ऑनलाइन खरेदीने काय बदललं?

2007 साली फ्लिपकार्टने आपल्याकडे पुस्तकं विकायला सुरुवात केली. 2013 मध्ये अ‍ॅमेझॉनची भारतातली विक्री सुरू झाली. 2016 पासून यूपीआय आलं आणि भाजीवाल्याकडेही मोबाईलने पैसे देता येऊ लागले. स्वस्त इंटरनेट आणि हातोहाती स्मार्टफोन यामुळे बाजारच खिशात आला.

यात मॉलचं नुकसान कसं होतं, ते मुलांना समजेल अशा भाषेत सांगते. मॉलमधल्या दुकानदाराला भाडं द्यावं लागतं. शिवाय वातानुकूलन, लिफ्ट, सरकते जिने, साफसफाई, सुरक्षा या सगळ्याचा वाटा वेगळा. गिऱ्हाईक येवो न येवो, हा खर्च चालूच. आता गिऱ्हाईक येतं, शर्ट अंगावर घालून माप बघतं, लेबलचा फोटो काढतं आणि घरी जाऊन तोच शर्ट मोबाईलवर पन्नास-शंभर रुपये कमी दराने मागवतं. खर्च दुकानाचा, विक्री दुसऱ्याची! खरं सांगायचं तर हे मीही केलेलं आहे.

मॉलमध्ये एखादं मोठं दुकान असतं. त्याच्या ओढीने लोक येतात आणि जाता जाता छोट्या दुकानांत शिरतात. बिग बझार हे असंच ओढ लावणारं नाव होतं. मी डी.एड. करत असताना आम्ही मैत्रिणी एकदा पुण्याला गेलो होतो, तेव्हा नुसतं बघायला म्हणून आत शिरलो. सरकत्या जिन्यावर पहिलं पाऊल टाकायला मला पाच मिनिटं लागली होती! तेच बिग बझार कर्जाच्या ओझ्याखाली गेलं आणि 2022 मध्ये त्याची दुकानं बंद झाली. असं मोठं दुकान गेलं की आजूबाजूच्या छोट्यांचंही गिऱ्हाईक तुटतं. एक खांब काढला की मांडव खाली बसतो, तसंच हे.

पण हेही लक्षात घ्या, की बिग बझारच्या पडझडीला फक्त मोबाईल जबाबदार नव्हता. कर्ज होतं, कोरोना होता. त्याच काळात डी-मार्टची गर्दी मात्र हटली नाही. डी-मार्ट बहुतेक जागा भाड्याने न घेता स्वतःच्या मालकीच्या ठेवतं. खर्च आटोक्यात म्हणून भाव आटोक्यात. म्हणजे "ऑनलाइन आलं आणि दुकानं संपली" इतकं सरळ गणित हे नाही.

5 ऑगस्ट 2020 ची गोष्ट

मॉल म्हणजे नेमकं काय, हे मला कोरोनाच्या एका नियमातून कळलं. मार्च 2020 मध्ये राज्यातले सगळे मॉल बंद झाले. 5 ऑगस्टपासून ते उघडायला परवानगी मिळाली, पण चित्रपटगृहं बंद आणि तिथे बसून खाणंही बंद. म्हणजे फक्त खरेदी चालू.

जरा विचार करा. मॉलमधून सिनेमा काढला, खाणं काढलं, बसणं काढलं, मैत्रिणींबरोबर रेंगाळणं काढलं, तर उरलं काय? कपडे आणि बूट. ते तर मोबाईलवर होतेच! साथीच्या भीतीने लोक घरात होते हे खरं, पण त्या दिवसांनी हेही दाखवलं, की वस्तू हे मॉलमध्ये जायचं अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं कारण म्हणजे माणसं.

म्हणूनच एकीकडे अमेरिकेत आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांत ओस पडलेले मॉल दिसतात, आणि दुसरीकडे 2023 मध्ये पुण्यात वाकडला नवा भलामोठा मॉल उघडतो. नव्या मॉलमध्ये खाण्यापिण्याला, मुलांच्या खेळांना, सिनेमाला जास्त जागा दिलेली असते. गंमत म्हणजे ऑनलाइन जन्मलेल्या कंपन्याच आता दुकानं उघडतात. चष्मे विकणारं लेन्सकार्ट बघा किंवा लहान मुलांच्या वस्तू विकणारं पुण्याचं फर्स्टक्राय बघा. चष्मा नाकावर ठेवून आरशात बघावासा वाटतोच ना?

आपला गड्डा ऑनलाइन का जात नाही?

आता येते आपल्या सोलापूरच्या उदाहरणाकडे. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा आणि होम मैदानावरचा गड्डा. गड्ड्यात काय मिळतं? बांगड्या, खेळणी, भांडी, खाऊ. यातली अशी कुठली वस्तू आहे जी एरवी मिळत नाही? एकही नाही! सगळं पेठेत मिळतं, मोबाईलवर तर घरपोच मिळतं. तरी दरवर्षी आपण जातो. पोरांना खांद्यावर घेऊन, धूळ खात, गर्दीत चप्पल सांभाळत जातो.

कारण गड्ड्यात आपण वस्तूंसाठी जात नाही. पाळण्यात बसायला जातो, भजी खायला जातो, माहेरी आलेल्या बहिणीबरोबर फिरायला जातो. वर्षाने भेटलेली शाळेतली मैत्रीण तिथेच अचानक समोर येते. खरेदी होते ती जाता जाता.

माझ्या मते मॉलच्या भवितव्याचं उत्तर इथे आहे. जो मॉल फक्त वस्तूंचं गोदाम म्हणून चालेल तो मोबाईलपुढे हरेल, कारण मोबाईलचं गोदाम त्याहून मोठं आहे. जो मॉल गड्ड्यासारखा भेटीचा चौक होईल तो टिकेल.

पण एक फरक विसरू नका. गड्ड्यात कुणी कुणाला "तुम्ही कोण?" असं विचारत नाही. मैदान सगळ्यांचं असतं. खिशात दहा रुपये असलेला आणि दहा हजार असलेला, दोघं एकाच धुळीतून चालतात. मॉल ही कुणाच्या तरी मालकीची जागा असते. तिथे तिकीट नसलं तरी दारातला गणवेश, चकचकीत फरशी आणि दोनशे रुपयांची कॉफी हे सगळं मिळून एक न दिसणारं तिकीट होतंच. शहरात बाग, मैदान, वाचनालय कमी होत गेली आणि भेटायला फक्त मॉल उरला, तर मागच्या बाकावरचा तो मुलगा कुठे जाईल?

त्या मुलीला मी काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी मी तिला "काही होणार नाही" असं सांगितलं नाही. मुलांना खोटा धीर देऊ नये, त्यांना तो कळतो.

मी वर्गाला गिरणीची गोष्ट सांगितली. गिरण्या बंद झाल्या तेव्हा सोलापूरचं काम संपलं नाही. यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल होत राहिले, आपल्या चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गिरणीतली पक्की नोकरी गेलेल्या अनेक घरांना त्या बदलाचा फार त्रास झाला. बायकांनी घरी विड्या वळून संसार सावरले. काम एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं, पण मधल्या काळात माणसांची ओढाताण होते. दुकानांचंही तसंच आहे. काही दुकानं बंद होतील, गोदामात आणि पार्सल पोहोचवण्यात नवी कामं निघतील. दुकानात उभं राहणाऱ्या चाळिशीतल्या बाईला ती कामं मिळतीलच असं नाही.

मग मी तिला विचारलं, "तुझी आई दुकानात काय काय करते?" ती म्हणाली, "कापड दाखवते. कुणाला कुठला रंग शोभेल ते सांगते. एका आजीला दरवर्षी आईच्याच हातून साडी लागते." मी म्हटलं, "हे मोबाईलला येतं का?" ती म्हणाली, "नाही." मी म्हटलं, "मग हे जी दुकानं ओळखतील ती टिकतील. आणि ते ओळखणं आपल्याही हातात आहे."

वर्गात आणि घरी करून बघा

1. फळ्यावर तीन रकाने करा: आठवडी बाजार, मॉल, मोबाईल. भाव, घासाघीस, हाताळून बघणं, बदलून घेणं, गप्पा या मुद्द्यांवर मुलांनाच तुलना करू द्या.
2. गणित: मोबाईलवर शर्ट 499 रुपये आणि घरपोच आणण्याचे 40 रुपये. दुकानात तोच शर्ट 550 रुपये आणि जाण्या-येण्याचं रिक्षाभाडं 40 रुपये. कुठे किती स्वस्त? घासाघीस करून दुकानदाराने 50 रुपये कमी केले तर फरक किती उरेल? शर्ट मापाचा निघाला नाही तर काय?
3. मुलांना एखाद्या ओळखीच्या दुकानदाराची मुलाखत घ्यायला सांगा. "दहा वर्षांत काय बदललं?" एवढा एकच प्रश्न पुरे.
4. पाकिटावरची कमाल किरकोळ किंमत वाचायला आणि बिल मागायला शिकवा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 ऑनलाइन खरेदीलाही लागू आहे आणि तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. दोन्ही गोष्टी वहीत लिहून घ्या.

पालकहो, एक विनंती. महिन्यातून एखादी खरेदी मुलांना बरोबर घेऊन, दुकानात जाऊन करा. भाव विचारणं, नको असेल तर नम्रपणे नाही म्हणणं, सुटे पैसे मोजून घेणं हे सगळं मूल तिथे शिकतं. बटण दाबून यातलं काही येत नाही.

आणि हो, तिकिटाचा प्रश्न राहिलाच. त्या मुलाला मी सांगितलं, "मॉलमध्ये जायला तिकीट नसतं." त्याने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "मग काहीच घेतलं नाही तरी बसू देतात?"

याचं उत्तर मी त्याला अजून दिलेलं नाही. तुमच्या मुलांना विचारून बघा, ती काय म्हणतात.