कळा सोसायच्या किती?

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते. चार दिवस झाले, ती नीट जेवत नव्हती. आईला वाटले, भूक मेली असेल. पण कारण निराळे होते. शेजारच्या काकूंनी आपल्या बाळंतपणाची हकीगत तिला रंगवून सांगितली होती. पोर भ्याली होती.

नर्सबाई तपासायला आल्या. त्यांनी पोट पाहिले, रक्तदाब पाहिला, बाळाचे ठोके ऐकले. सगळे ठीक होते. त्या निघणार तोच लेकीने हळूच विचारले,

"बाई, लई दुखतं का हो?"

आई चटकन म्हणाली, "असलं काय विचारतीस? बाईच्या जातीला सोसावंच लागतं. मी नाही का सोसलं?"

नर्सबाई पुन्हा खाली बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही सोसलंत. पण तेव्हा तुमच्याजवळ कोण होतं?"

आई जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "कोण असणार? अंधारी खोली. दार लावलेलं. सुईण पहाटे आली. रात्रभर मी एकटीच होते."

ही गोष्ट तिने लेकीला कधी सांगितली नव्हती.

नर्सबाई म्हणाल्या, "दुखतं, हे खरं. खोटं कशाला सांगू? पण का दुखतं ते कळलं, की निम्मी भीती जाते."

बाळ गर्भाच्या पिशवीत असते. नऊ महिने पिशवीचे तोंड मिटलेले असते. दिवस भरले म्हणजे पिशवी आवळते आणि सैल पडते. आवळली की कळ येते. सैल पडली की कळ थांबते. दर कळेला तोंड थोडे थोडे उघडते. पुरते उघडले म्हणजे ते १० सेंटिमीटर होते. मोठ्या वाटीच्या तोंडाएवढे समजा. तेवढे झाल्याशिवाय बाळ बाहेर येत नाही. म्हणून पहिलटकरणीला वेळ लागतो. कधी १२ तास, कधी त्याहूनही जास्त. मात्र दोन कळांच्या मध्ये विसावा असतो, हे काकूंनी सांगितलेच नव्हते! त्या विसाव्यात अंग सैल सोडावे. घोटभर पाणी, पेज किंवा चहा घ्यावा. लघवी तुंबवून ठेवू नये.

भ्यालेली बाई अंग ताठ धरते. श्वास कोंडते. मग कळ जास्त लागते. म्हणून कळ आली की श्वास हळू घ्यावा आणि त्याहून हळू सोडावा. ओरडावेसे वाटले तर ओरडावे. त्यात लाज कसली? सारखे उताणे पडून राहू नये. चालावे, भिंतीला किंवा माणसाला धरून वाकावे, नाही तर कुशीवर पडावे. कंबर चोळून घ्यावी. गरम पाण्यात पिळलेले फडके कमरेवर ठेवावे, पण चटका बसेल इतके गरम नको. पोट मात्र कोणी दाबू नये आणि जोराने चोळू नये.

आणखी एक उपाय आहे. त्याला पैसा लागत नाही. जवळ मायेचे माणूस हवे. कळा देताना एक बाई सोबत असली, तर बाळंतपण लवकर आणि सुखाने होते, हे डॉक्टरांनी पुष्कळ ठिकाणी पडताळून पाहिले आहे. सरकारी दवाखान्यात अशी सोबतीण ठेवावी, असे केंद्र सरकारने २०१६ साली ठरवले. तेव्हा दवाखान्यात जाताच विचारावे, "आत कोण येऊ?"

लेक म्हणाली, "माझ्या जावेला पुण्यात पाठीत सुई दिली होती. तिला काही कळलं नाही म्हणे."

आईने कपाळाला हात लावला. "पाठीत सुई? जन्मभर पाठ दुखंल!"

असे पुष्कळ जणी म्हणतात. पण तपासून पाहिले तेव्हा, त्या सुईने कायमची पाठदुखी लागते असे दिसले नाही. या उपायाला एपिड्यूरल म्हणतात. भूल देणारा डॉक्टर कमरेजवळ, मणक्यांच्या मधून एक बारीक नळी बसवतो. तिच्यातून औषध देतो. पंधरा-वीस मिनिटांत कळांचे दुखणे पुष्कळ कमी होते. बाई शुद्धीवर असते, बोलते, बाळाचे पहिले रडणे ऐकते. पण काही गोष्टी माहीत असाव्यात. पाय जड होतात. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून सारखे लक्ष ठेवावे लागते. बाळ बाहेर ढकलायला वेळ जास्त लागतो. कधी चिमट्याने किंवा बाळाच्या डोक्याला वाटी लावून बाळ काढावे लागते. एखादीचे डोके काही दिवस दुखते. रक्त गोठत नसेल तर ही सुई देत नाहीत. आणि भूलतज्ज्ञ हजर हवा. गावच्या आरोग्य केंद्रात तो नसतो. मोठ्या दवाखान्यात असतो, पण तिथेही ही सोय आहे का, खर्च किती, हे आधी विचारून ठेवावे.

काही दवाखान्यांत वायू देतात. निम्मा प्राणवायू, निम्मा नायट्रस ऑक्साइड. बाईने मुखवटा आपल्याच हाताने धरायचा आणि कळ सुरू होताच ओढायचा. दुखणे पुरते जात नाही, पण बोथट होते. थोडी चक्कर येते, मळमळते. मुखवटा काढला की असर उतरतो. दुखणे कमी करणारी इंजेक्शनेही आहेत. त्यांनी गुंगी येते. बाळ जन्मायच्या अगदी तोंडावर दिली तर बाळाचा श्वास मंद होऊ शकतो. म्हणून वेळ पाहून डॉक्टरच देतात. दुकानातली दुखण्याची गोळी आपल्या मनाने घेऊ नये.

"पूर्वीच्या बायांना कुठं होतं हे सगळं?" आई म्हणाली.

पूर्वी म्हणजे किती? १८४७ साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात सिम्प्सन नावाच्या डॉक्टरने बाळंतपणात क्लोरोफॉर्म हुंगवला. तेव्हाही लोक म्हणाले, बाईने सोसलेच पाहिजे. १८५३ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात तेच औषध घेतले. जॉन स्नो या डॉक्टरने ते रुमालावर थोडे थोडे टाकून दिले. मग बोलणाऱ्यांची तोंडे बरीचशी मिटली. राणीला दुखते, तसे शेतकऱ्याच्या लेकीलाही दुखते. क्लोरोफॉर्म आता देत नाहीत. तो हृदयाला आणि काळजाला धोक्याचा ठरला.

दारात उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "एवढं कशाला? आमच्या इकडं एक जण घरी येऊन सुई मारतो. झटक्यात मोकळी होते बाई."

नर्सबाईंचा आवाज चढला. "काकू, ती दुखणं कमी करायची सुई नाही. ती कळा वाढवायची सुई आहे!"

ते औषध दवाखान्यात सलाइनमधून, थेंब मोजून देतात. बाळाचे ठोके सारखे ऐकतात. घरी एकदम टोचले तर पिशवी फार जोराने आवळते. बाळ गुदमरते. पिशवी फाटू शकते. मग आई आणि बाळ, दोघांच्याही जिवावर बेतते.

पाणमोट फुटली, रक्त जाऊ लागले, झटके आले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळ हलेनासे झाले, तर कळांची वाट पाहू नये. १०८ किंवा १०२ नंबर लावून गाडी बोलवावी. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध आणि ऑपरेशनसुद्धा फुकट होते. ही योजना २०११ सालापासून आहे.

नर्सबाईंनी लेकीला कुशीवर निजवले. मग आईचा हात धरून लेकीच्या माकडहाडाजवळ ठेवला. "तळहाताने असं दाबायचं. कळ असेपर्यंत सोडायचं नाही. आत तुम्हीच जाणार ना?"

"मीच जाणार," आई म्हणाली आणि दाबू लागली.

"आणखी खाली, आई," लेक म्हणाली. "हां. तिथंच."