रेल्वे, विमानतळ आणि गोदाम: वाहतूक सुरक्षेतील नोकऱ्या

प्रवासी, माल आणि ते वाहून नेणारी साधने यांचे चोरी, घातपात व गैरप्रकारांपासून रक्षण करणे म्हणजे वाहतूक सुरक्षा. रेल्वे, विमानतळ, मेट्रो, बंदर आणि गोदामे ही या कामाची मुख्य ठिकाणे. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाला ती फार लांब नाहीत. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वेचा कसारा मार्ग जातो. मुरबाड तालुक्यात रेल्वे नसली, तरी तिथल्या धसई गावच्या मुलांना एसटीने कल्याण गाठता येते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, तर नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. भिवंडी-पडघा पट्ट्यात गोदामे आहेतच.

या क्षेत्रात उतरण्याआधी एक भेद नीट समजून घ्यावा लागतो: नोकरी कायम आहे की कंत्राटी. गणवेश दोन्हीकडे असतो, त्यामुळे गावात फरक दिसत नाही. पगार, बदली आणि निवृत्ती यांत मात्र तो आयुष्यभर जाणवतो.

कायम नोकऱ्यांमध्ये रेल्वेचे दोन रस्ते आहेत आणि त्यांत नेहमी गल्लत होते. रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, हे केंद्राचे. 1957 च्या कायद्याने उभे राहिलेले. लोहमार्ग पोलीस हे महाराष्ट्र पोलिसांचेच अंग. कसारा लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला, तर गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात. रुळालगतची तांब्याची तार कापून नेली, तर रेल्वे मालमत्तेच्या 1966 च्या कायद्याखाली कारवाई आरपीएफ करते. हरवलेली, घरातून पळून आलेली मुले फलाटावर ओळखून सुरक्षित ठिकाणी पोहोचवणे हेही आरपीएफचे रोजचे काम आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील दहशतवादी हल्ल्यात लोहमार्ग पोलीस निरीक्षक शशांक शिंदे हुतात्मा झाले. त्याच रात्री उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून सूचना देत अनेक प्रवाशांना बाहेर काढले. झेंडे गणवेशातले नव्हते. पण प्रसंगावधान म्हणजे काय, हे या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने त्यांच्याकडून शिकावे.

आरपीएफच्या 2024 च्या भरतीत शिपायाच्या 4208 आणि उपनिरीक्षकाच्या 452 जागा होत्या. त्यांपैकी 15 टक्के महिलांसाठी. शिपायाला दहावी आणि उपनिरीक्षकाला पदवी लागते. मूळ वेतन अनुक्रमे 21,700 आणि 35,400 रुपये, भत्ते वेगळे. लोहमार्ग पोलिसांची जागा महाराष्ट्र पोलीस भरतीतून मिळते, तिला बारावी हवी. घरापासून फार लांब जायचे नसेल, तर लोहमार्ग पोलीस हा पर्याय सोयीचा, कारण आरपीएफमध्ये नेमणूक देशात कुठल्याही विभागात होऊ शकते.

विमानतळांचा पहारा मुख्यतः केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे असतो. हे दल 1969 मध्ये उभे राहिले. डिसेंबर 1999 मधील कंदाहार विमान अपहरणानंतर, 2000 पासून, विमानतळ त्याच्या हाती येऊ लागले. मोठी बंदरे आणि दिल्ली मेट्रोही हेच दल सांभाळते. शिपाई भरती कर्मचारी निवड आयोगाच्या, म्हणजे एसएससीच्या, जनरल ड्युटी (जीडी) परीक्षेतून होते: दहावी उत्तीर्ण, वय 18 ते 23, राखीव गटांना सवलत. जानेवारी 2024 पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते; भाषेचा भाग मात्र हिंदी किंवा इंग्रजीत सोडवावा लागतो. पदवीधरांना यूपीएससीच्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दल (सीएपीएफ) परीक्षेतून थेट असिस्टंट कमांडंट होता येते. गावाकडे या परीक्षेची चर्चाच होत नाही, ही मोठी उणीव आहे.

विमानतळावर गणवेशाबाहेरचेही काम असते. सामान आणि मालवाहू खोकी क्ष-किरण यंत्रातून तपासणाऱ्याला स्क्रीनर म्हणतात. पडद्यावर कापड, अन्न, कागद असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळे, मिश्र वस्तू हिरव्या, आणि किरण आरपार जाऊ न देणारी वस्तू काळी. एकावर एक रचलेल्या या रंगांतून धोक्याचा आकार काही सेकंदांत हेरायचा असतो. डोळे थकतात म्हणून पडद्यापुढची माणसे आळीपाळीने बदलतात. या कामाला नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या, म्हणजे बीसीएएसच्या, प्रमाणपत्राची गरज असते. विमानतळ प्राधिकरणाची एएआयक्लास ही उपकंपनी स्क्रीनर नेमते, तेव्हा 60 टक्के गुणांची पदवी मागते आणि नेमणूक ठरावीक मुदतीची असते. अनुभव चांगला मिळतो. पण तिला सरकारी नोकरी समजून लग्न ठरवू नये.

मुंबई मेट्रोच्या स्थानकांवर दिसणारे जवान महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाचे. 2010 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या महामंडळातील नेमणुकाही कंत्राटी असतात. गोदामांचे सुरक्षारक्षक बहुधा खासगी संस्थांचे. 2005 च्या केंद्रीय कायद्यानुसार संस्थेकडे परवाना हवा, आणि केंद्राच्या आदर्श नियमांत रक्षकाला 160 तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे. महाराष्ट्रात सुरक्षा रक्षक मंडळेही आहेत. मंडळात नोंदीत रक्षकाची स्थिती साध्या कंत्राटी रक्षकापेक्षा बरी असते. नोकरीवर जाण्यापूर्वी परवाना आणि भविष्य निर्वाह निधी, या दोन गोष्टी विचारून घ्याव्यात.

आता तयारीचे. महाराष्ट्र पोलीस भरतीत आधी ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, आणि मग लेखी; आरपीएफ आणि जीडीत आधी संगणकावरची परीक्षा आणि मग ग्राउंड. हा क्रम न कळल्यामुळे पुष्कळ मुले पहाटे डांबरी रस्त्यावर वर्षभर पळतात आणि ग्राउंड पाहण्याआधीच बाहेर पडतात. आरपीएफला 90 मिनिटांत 120 प्रश्न, जीडीला 60 मिनिटांत 80. म्हणजे दोन्हीकडे एका प्रश्नाला 45 सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. दहावीपर्यंतचे गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी घड्याळ लावून, माउस हातात घेऊन सोडवण्याचा सराव हवा. धसईकडची मुले पळण्यात मागे पडत नाहीत, मागे पडतात ती इथे.

आरपीएफ शिपायासाठी मुलांना 1600 मीटर 5 मिनिटे 45 सेकंदांत आणि मुलींना 800 मीटर 3 मिनिटे 40 सेकंदांत पळावे लागते. शाळेच्या मैदानात 200 मीटरची फेरी आखली, तर मुलाच्या प्रत्येक फेरीला 43 सेकंद मिळतात. मुलांना 14 फूट लांब उडी आणि 4 फूट उंच उडीही असते. वाळूच्या खड्ड्यावर सराव न केलेले धावपटू इथे अडकतात. उंची आरपीएफला मुलांना 165 आणि मुलींना 157 सेंटिमीटर, तर जीडीत 170 आणि 157. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना जीडीत ती 162.5 आणि 150 इतकी शिथिल होते. ठाकूर, महादेव कोळी व कातकरी समाजाच्या मुलांनी ही सवलत माहीत करून घ्यावी.

सगळ्यांत आधी करायची तपासणी बहुतेक जण सगळ्यांत शेवटी करतात. जीडीसाठी चष्म्याशिवाय एका डोळ्याची दृष्टी 6/6 आणि दुसऱ्याची 6/9 लागते. रंगांधळेपणा असेल तर निवड होत नाही. रंगीत ठिपक्यांमध्ये लपलेला आकडा वाचण्याची ही चाचणी नेत्रतज्ज्ञाकडे काही मिनिटांत होते. गुडघे एकमेकांना लागणे आणि सपाट तळवे हीही बाद होण्याची कारणे आहेत. अकरावीत पाऊल ठेवतानाच हे तपासले, तर ॲकॅडमीची फी आणि दोन वर्षे वाचतात.

कागदपत्रांचा घोळ त्याखालोखाल. केंद्राच्या भरतीला जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि इतर मागासवर्गीयांना नॉन-क्रीमीलेअरही त्याच नमुन्यात. राज्याच्या नमुन्यातला दाखला घेऊन गेलेली मुले पडताळणीच्या दिवशी धावपळ करतात. दहावीच्या गुणपत्रिकेवरील आणि आधारवरील नाव व जन्मतारीख अक्षरशः जुळायला हवी. अटी भरतीगणिक थोड्या बदलतात, त्यामुळे मूळ जाहिरात स्वतः वाचावी.

विमानतळावर किंवा रेल्वेत चिकटवून देतो असे सांगून हजारो रुपये मागणारे दलाल तालुक्याच्या गावीही येतात. त्यांना पैसे देऊ नयेत आणि मूळ प्रमाणपत्रे तर मुळीच हातात देऊ नयेत. सरकारी भरतीत अर्जाच्या शुल्काखेरीज कुणालाही एक रुपया द्यावा लागत नाही. जीडीचे शुल्क 100 रुपये आहे. मुली आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना तेही माफ आहे.