नित्याचें कर्तव्य

कर्तव्य हा शब्द आपल्या कानांवर इतक्या वेळां पडतो कीं, त्याचा अर्थ काय याचा विचार करण्याचें आपल्याला सुचतच नाहीं. बक्षीससमारंभांतील भाषणांत तो असतो, निबंधाच्या विषयांत तो असतो, आणि घरांतील वडील माणूस रागावलें म्हणजे त्याच्या तोंडींही तोच असतो. त्यामुळें कर्तव्य म्हणजे कांहीं तरी जड, कंटाळवाणें व मोठ्या माणसांच्या सोयीचें प्रकरण आहे, अशी पुष्कळ मुलांची समजूत होऊन बसते. ही समजूत कितपत बरोबर आहे हें या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम शब्दाकडेच वळूं. संस्कृतांतील 'कृ' म्हणजे करणें या धातूला 'तव्य' हा प्रत्यय लागून 'कर्तव्य' हा शब्द सिद्ध झाला आहे. 'जें करावयास पाहिजे तें', एवढाच त्याचा सरळ अर्थ. तें करण्याची कोणी आज्ञा केली पाहिजे असें या अर्थांत कोठेंही नाहीं; तसेंच तें करणाराला आवडलेंच पाहिजे असेंही नाहीं. म्हणजे कर्तव्य हें हुकुमाहून निराळें व आवडीहूनही निराळें. शिवाय तें उपकाराहूनही निराळें आहे. आजारी आईला वेळेवर औषध देणारा मुलगा तिच्यावर उपकार करीत नाहीं. उसनें आणलेलें पुस्तक ठरल्या दिवशीं परत करणारी मुलगी मैत्रिणीवर मेहेरबानी करीत नाहीं. उपकार केला नाहीं तर कोणी आपल्याला दोष देत नाहीं. परंतु कर्तव्य केलें नाहीं, तर ज्याला कांहीं मिळावयाचें होतें तो त्यास मुकतो. हा भेद मनांत नीट ठसला म्हणजे 'मीं एवढें केलें, तरी माझें कोणी कौतुक केलें नाहीं' ही तक्रार आपोआप गळून पडते.

आतां सकाळपासूनचा आपला दिवस पाहा. नळाला पाणी आलें, कारण कोणी तरी पहांटे उठून त्याची झडप उघडली. दूध दारांत आलें, कारण कोणी तरी अंधारांत गोठ्यांत शिरलें. पावसाळ्यांत कोंकण रेल्वेनें आपण सुखरूप घरीं पोहोंचतों, कारण दरड कोसळण्याचा धोका असलेल्या भागांत गस्तवाले भर पावसांत रुळांवरून पायीं फिरत असतात. यांपैकीं एकाचेंही नांव आपल्याला ठाऊक नसतें. आपलें सारें जीवन अशा अनोळखी माणसांच्या कर्तव्यावर उभें असतें. परंतु घराचा पाया जसा डोळ्यांना दिसत नाहीं, तसें तेंही दिसत नाहीं. तें दिसतें केवळ खचल्यावर.

या गोष्टीचें एक ठळक उदाहरण इतिहासांत आहे. 1912 सालच्या एप्रिल महिन्याच्या 14 तारखेस रात्रीं 11 वाजून 40 मिनिटांनीं टायटॅनिक नांवाचें प्रचंड जहाज अटलांटिक महासागरांत हिमनगावर आदळलें. त्यावर दोन हजार दोनशेंहून अधिक माणसें होतीं, आणि बचावाच्या होड्या सुमारें निम्म्या माणसांना पुरतील इतक्याच होत्या. त्या रात्रीं कॅलिफोर्नियन नांवाचें दुसरें एक जहाज बर्फामुळें त्याच भागांत थांबून राहिलें होतें. त्यावर बिनतारी यंत्र चालविणारा एकच गृहस्थ होता. त्यानें टायटॅनिकला बर्फाविषयीं सूचना देण्याचा प्रयत्न केला होता. परंतु 'मध्यें बोलूं नका, आम्ही कामांत आहों' अशा अर्थाचें उत्तर त्याला मिळालें. दिवसभराचें काम संपवून त्यानें साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद केलें व तो झोंपीं गेला. त्यानंतर अवघ्या कांहीं मिनिटांतच अपघात झाला.

मध्यरात्रीनंतर कॅलिफोर्नियनवर पहाऱ्यास असलेल्या अधिकाऱ्याला दूर आकाशांत पांढरे बाण उडतांना दिसले. त्यानें ही गोष्ट नळीवाटे कप्तानास कळविली. कप्तान विश्रांति घेत होता. दिव्यानें खुणा करून विचारा, असें त्यानें सांगितलें. अधिकाऱ्यानें खुणा केल्या. उत्तर आलें नाहीं. आणखी बाण दिसले. तेही नंतर कळविण्यांत आले. पण झोंपलेल्या यंत्रचालकास हलवून 'जरा ऐकून पाहा, काय झालें आहे' एवढें म्हणण्याचें पहांटेपर्यंत कोणाच्याही मनांत आलें नाहीं. टायटॅनिक 2 वाजून 20 मिनिटांनीं बुडालें. पंधराशेंच्या सुमारास माणसें मरण पावलीं. पुढें ब्रिटिश चौकशीमंडळानें असा निर्णय दिला कीं, कॅलिफोर्नियन वेळीं गेलें असतें तर सर्वांचे नसले तरी अनेकांचे प्राण वांचूं शकले असते.

याच रात्रीं सुमारें 58 सागरी मैलांवर कार्पेथिया नांवाचें तिसरें जहाज होतें. तेथेंही एकच यंत्रचालक होता, व तोही झोंपण्याच्या तयारींत होता. मात्र एका उत्तराची वाट पाहत असल्यामुळें श्रवणयंत्र त्याच्या कानांवरच होतें. टायटॅनिकची हांक ऐकतांच तो धांवत जाऊन त्यानें कप्तान रॉस्ट्रन यांस उठविलें. रॉस्ट्रन यांनीं आधीं जहाज वळविण्याचा हुकूम दिला, आणि बातमी खरी कीं खोटी याची खात्री नंतर करून घेतली. सर्व वाफ यंत्रांस मिळावी म्हणून खोल्यांची ऊब बंद करविली, पहारेकरी वाढविले, पांघरुणें व गरम पेयें तयार ठेवविलीं, डॉक्टरांच्या जागा ठरवून दिल्या. हिमनग चुकवीत चुकवीत पहांटे चारच्या सुमारास कार्पेथिया तेथें पोहोंचलें व होड्यांतील सातशेंहून अधिक माणसें त्यानें वर घेतलीं.

बालवाचकहो, कॅलिफोर्नियनवरील माणसें दुष्ट होतीं काय? मुळींच नाहीं. यंत्रचालक दिवसभर राबून नियमाप्रमाणेंच झोंपला होता. अधिकाऱ्यानें जें पाहिलें तें वरिष्ठांस कळविलें होतें. कप्तानानेंही कांहीं तरी सांगितलें होतें. प्रत्येकानें आपापल्या कामाचा एक एक तुकडा केला. पण 'तिकडे कोणी संकटांत आहे काय?' हा प्रश्न शेवटपर्यंत कोणीही आपला मानला नाहीं. काम करणें आणि कर्तव्य करणें यांतील अंतर तें हेंच. 'मीं सांगितलें होतें' या तीन शब्दांपाशीं काम संपतें. कर्तव्य मात्र गोष्ट पार पडेपर्यंत संपत नाहीं. 1914 सालीं लंडन येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारांत मोठ्या उतारू जहाजांवर बिनतारी यंत्रापाशीं अहोरात्र कान देऊन बसण्याचा नियम घालण्यांत आला. तो नियम योग्यच होय. तथापि झोंपलेल्याला जागें करण्याची बुद्धि कोणत्याही नियमांत लिहून देतां येत नाहीं.

कोणी म्हणेल, असे प्रसंग आमच्या वांट्याला कोठें येणार? याचें उत्तर आपल्या मुंबईनेंच दिलें आहे. 2008 सालच्या नोव्हेंबरच्या 26 तारखेस रात्रीं छत्रपति शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनीं गोळीबार केला. तेथें पन्नासाहून अधिक माणसें मारलीं गेलीं. त्या वेळीं विष्णु झेंडे हे रेल्वेचे उद्घोषक आपल्या खोलींत कामावर होते. गाड्यांच्या येण्याजाण्याची सूचना देणें हें त्यांचें रोजचें काम. त्या रात्रीं त्यांनीं त्याच ध्वनिक्षेपकावरून 'स्थानकाबाहेर पडा, अमक्या बाजूनें जा' असें प्रवाशांस पुनः पुनः सांगितलें, आणि आपल्या खोलीच्या रोखानें गोळ्या आल्या तरी जागा सोडली नाहीं. त्याच रात्रीं गिरगांव चौपाटीजवळ पोलीस अंमलदार तुकाराम ओंबळे यांनीं हातांत केवळ लाठी असतां अतिरेक्याची बंदूक धरून ठेविली व प्राण दिला. त्यांस 2009 सालीं मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. त्या रात्रींसाठीं या दोघांनाही कोणी निराळी शिकवण दिली नव्हती. जें रोज मन लावून केलें तेंच संकटकाळीं हातून घडलें. मोठा प्रसंग मनुष्याला नवें कर्तव्य देत नाहीं. जुनें किती अंगीं मुरलें आहे एवढेंच तो पाहतो.

मात्र येथें एक सावधगिरी पाहिजे. कर्तव्य म्हणजे निमूटपणें हुकूम पाळणें नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथें जर्मन पुढाऱ्यांची चौकशी झाली. तिच्या 1945 सालच्या सनदेंत स्पष्ट लिहिलें होतें कीं, वरिष्ठाच्या हुकुमानें केलें एवढ्यानें कोणाची जबाबदारी टळत नाहीं, फार तर शिक्षा ठरवितांना त्याचा विचार होऊं शकेल. वर्गांतील चार मुलांनीं 'त्या नव्या मुलाशीं बोलूं नकोस' असें फर्माविलें, तर तें पाळणें हें मैत्रीचें कर्तव्य नव्हे. तें मोडणें हेंच कर्तव्य होय. विवेकाच्या डोळ्यांवांचून कर्तव्य आंधळें असतें.

आतां दोन शब्द पालकांसाठीं. आपल्या संविधानांत हक्कांचा उल्लेख प्रारंभापासून आहे. मूलभूत कर्तव्यें 1976 सालीं घालण्यांत आलीं. तीं प्रथम दहा होतीं. 2002 सालीं अकरावें घालण्यांत आलें, आणि तें मुलांसाठीं नसून आईबापांसाठीं आहे: सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या पाल्यास शिक्षणाची संधि देणें. म्हणजे मुलाला शाळेंत धाडणें हा त्याच्यावर केलेला उपकार नव्हे. तसेंच, ज्या घरांत भाऊ अभ्यासाला बसतो व बहीण त्याचें ताट उचलते, त्या घरांत कर्तव्याचा धडा उलटा शिकविला जातो. घरकाम हें घरांत राहणाऱ्या सर्वांचें आहे. मुलाच्या हातीं केरसुणी देणें यांत त्याचा अपमान नाहीं; त्यांत त्याच्यावरील विश्वास आहे. आणि वडिलांनीं दिलेलें वचन वडिलांनींच मोडलें, तर कर्तव्यावरील शंभर व्याख्यानें फुकट जातात.

विद्यार्थ्यांनीं आपल्यापुरत्या तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली, जें आपल्या वांट्याचें आहे तें कोणी पाहत असो वा नसो, सारख्याच मनानें करावें. दुसरी, नळ वाहतांना, विजेची तार लोंबतांना किंवा सोबती एकटा रडतांना दिसला तर 'हें माझें नाहीं' असें म्हणून पुढें जाऊं नये. स्वतः करतां येईल तें करावें, आणि न येईल तें योग्य माणसास सांगून त्याचें पुढें काय झालें तें पाहावें. तिसरी, जें आपल्या हातून झालें नाहीं तें झालें असें कधींही सांगूं नये.

थेंबें थेंबें तळें सांचे, असें आपल्याकडे म्हणतात. वेळेवर उठणें, शब्द पाळणें, आपलें ताट आपण घासणें, हे असेच थेंब आहेत. एकेकटे पाहिले तर क्षुल्लक. पण कोणावर कधीं तहानेची वेळ येईल हें आधीं कोणास ठाऊक असतें? त्या वेळीं आपल्यापाशीं काय सांचलेलें असावें, हें आजच आपल्या हातीं आहे.