वनस्पतींची पाहणी करणारा पंडित – लिओनहार्ट फुक्स

ज्या शेतकऱ्याला आपल्या शेतांतील प्रत्येक रोपाची ओळख आहे, त्याला त्या रोपाच्या नांवाची फारशी गरज वाटत नाहीं. नांवाची गरज उत्पन्न होते ती दुसऱ्याशीं व्यवहार करतांना. म्हणजे बियाणें विकत घेतांना, वैद्याकडून औषध आणतांना, किंवा सरकारी कागदांत पिकाची नोंद करवून घेतांना. अशा वेळीं नांव चुकलें म्हणजे नुकसान होतें. आणि तें बहुधा कागद लिहिणाराचें होत नसून जमीन कसणाराचें होतें.

आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों, तेव्हांची एक गोष्ट येथें सांगतों. एका सालीं गांवोगांवच्या पीकपत्रकांचा गोषवारा करण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. कांहीं गांवांनीं ‘कारळा’ असें लिहिलें होतें, तर कांहींनीं ‘खुरासणी’. छापील नमुन्यांत कारळ्याचा रकाना होता, खुरासणीचा नव्हता. म्हणून खुरासणीचें क्षेत्र आम्हीं ‘इतर पिकें’ या सदरांत घातलें. कारळ्याचा पेरा एकाएकीं घटला असें वर कळलें, खुलासा मागण्यांत आला, आणि आम्हांस समक्ष गांवीं जावें लागलें. तेथें एक वृद्ध शेतकरी हंसून म्हणाले, “भाऊसाहेब, शेतांत पीक एकच आहे. त्याचीं दोन केलीं तीं तुमच्या कागदानें.” हें बोलणें आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

येथें एका वस्तूचीं दोन नांवें होतीं. उलट प्रकार याहून घातक असतो. खुरासणी हें तेलबीचें पीक. परंतु खुरासानी ओवा ही अगदीं निराळी व विषारी वनस्पति आहे. पिवळा धोत्रा हा धोत्र्याच्या कुळांतील नव्हेच, तो अफूच्या कुळांतील आहे. त्याचें बीं मोहरीसारखें दिसतें, आणि तें मोहरींत मिसळलें गेलें म्हणजे त्या तेलानें अंगावर सूज येऊन माणसें दगावतात. १९९८ सालीं दिल्ली शहरांत असा अनर्थ घडलेला आहे.

नांवांच्या याच गोंधळाशीं सुमारें पावणेपांचशें वर्षांपूर्वीं जर्मनींतील एका वैद्यानें जन्मभर झुंज दिली. त्याचें चरित्र आमच्या शेतकरी बंधूंस उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून तें येथें थोडक्यांत देत आहों.

जन्म व शिक्षण

लिओनहार्ट फुक्स याचा जन्म १७ जानेवारी १५०१ रोजीं बव्हेरिया प्रांतांतील वेमडिंग या गांवीं झाला. लहानपणींच त्याचें पितृछत्र हरपलें. एर्फुर्ट येथें शिकून त्यानें कांहीं काळ आपल्या गांवीं शाळा चालविली. पुढें इंगोलश्टाट येथील विद्यापीठांत राहून १५२४ सालीं तो वैद्यकाची उच्च पदवी मिळविता झाला. त्यानंतर त्यानें म्युनिक येथें वैद्यकी केली व इंगोलश्टाट येथें अध्यापनही केलें. १५२८ सालीं तो आन्सबाख येथील संस्थानिकाचा वैद्य झाला. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १५२९ सालीं, त्या देशांत घामाच्या ज्वराची भयंकर सांथ आली. त्या सांथींत केलेल्या उपचारांमुळें त्याचें नांव सर्वत्र झालें.

त्या काळीं जर्मनींत धर्मपंथांचा मोठा कलह माजला होता. फुक्स हा ल्यूथरच्या पंथाचा असल्यामुळें इंगोलश्टाट येथें पुन्हा अध्यापक होण्याचा त्याचा प्रयत्न फसला. १५३५ सालीं वुर्टेंबर्गच्या ड्यूकनें त्यास ट्युबिंगेन येथील विद्यापीठांत बोलावून घेतलें. तेथें तो मरेपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षें, राहिला. सात वेळां तो त्या विद्यापीठाचा प्रमुख झाला. इटलींतील पिसा येथून मोठ्या मानाचें बोलावणें आलें असतांही तो गेला नाहीं. ट्युबिंगेन येथें त्यानें औषधी वनस्पतींची बाग लाविली आणि विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन रानावनांत हिंडण्याचा परिपाठ ठेविला.

त्या काळची स्थिति

त्या वेळीं बहुतेक सर्व औषधें झाडपाल्याचीं असत. त्यांची माहिती दीड हजार वर्षांपूर्वींच्या ग्रीक ग्रंथांत होती. नकला करणारांच्या हातून त्या ग्रंथांत चुका शिरल्या होत्या, आणि नकलेवरून नकल होतां होतां चित्रें इतकीं बिघडलीं होतीं कीं, त्यांवरून रानांतील झाड ओळखणें अशक्य झालें होतें. शंभर वैद्यांत थोड्याशाही वनस्पतींची खरी ओळख असलेला एक वैद्य मिळणें कठीण, अशी तक्रार फुक्सनें आपल्या प्रस्तावनेंत केली आहे. वैद्यासच झाड ओळखत नसेल तर रोग्यानें कोणाच्या भरंवशावर काढा प्यावा?

या कामीं त्याच्या आधीं दोन जर्मन पंडितांनीं वाट पाडली होती. ब्रुनफेल्स याच्या १५३० सालच्या ग्रंथांत उत्तम चित्रें होतीं. पण मजकूर बहुतेक जुन्या ग्रंथांतून घेतलेला होता. बोक याच्या १५३९ सालच्या ग्रंथांत स्वतः पाहून केलेलीं वर्णनें होतीं; पण चित्रें नव्हतीं. या दोघांसह फुक्स यास जर्मन वनस्पतिशास्त्राच्या जनकांपैकीं एक मानितात.

१५४२ चा ग्रंथ

फुक्सचा मुख्य ग्रंथ १५४२ सालीं बाझेल शहरीं इसिंग्रिन नांवाच्या मुद्रकानें छापिला. ग्रंथ लॅटिन भाषेंत, सुमारें नऊशें पृष्ठांचा, व त्यांत पांचशेंहून अधिक पानभर चित्रें आहेत. सामान्य लोकांस वाचतां यावा म्हणून दुसऱ्याच वर्षीं, १५४३ सालीं, त्याची जर्मन आवृत्ति निघाली.

चित्रांचें काम तिघां कारागिरांनीं केलें. आल्ब्रेख्ट मायर यानें प्रत्यक्ष रोप पुढें ठेवून चित्र काढावें, हाइन्रिख फुलमाउरर यानें तें लांकडी ठशावर उतरावें, आणि फाइट रुडोल्फ श्पेकले यानें तो ठसा कोरावा, अशी वांटणी होती. छायाप्रकाशाची करामत दाखविण्याच्या भरांत रोपाचा खरा आकार झांकला जाऊं नये, असा फुक्सचा कटाक्ष होता. मूळ, खोड, पान, फूल व बीं हीं सर्व दिसलीं पाहिजेत. यासाठीं फूल व फळ निरनिराळ्या वेळीं येत असलीं, तरी तीं एकाच चित्रांत दाखविलीं आहेत. ग्रंथाच्या शेवटीं त्यानें या तिघांचीं चित्रें व नांवें छापविलीं. हाताखालच्या माणसांस असा मान त्या काळीं क्वचितच कोणी दिला असेल.

प्रत्येक वनस्पतीचें वर्णन त्यानें सहा सदरांखालीं केलें: नांवें, आकृति, स्थळ, काळ, प्रकृति व गुण. ‘प्रकृति’ म्हणजे आपल्याकडे उष्ण-शीत म्हणतात तशी. कठीण शब्दांचा कोश त्यानें आरंभींच जोडला. हे सहा रकाने वाचतांना आम्हांस तर आमच्या जुन्या दफ्तराचीच आठवण झाली.

एका फुलझाडास त्याच्या आधीं लॅटिन नांवच नव्हतें. त्याचें फूल शिंप्याच्या अंगुस्तानासारखें असतें व जर्मन लोक त्यास त्याच अर्थाचें नांव देत. फुक्सनें त्या लोकभाषेंतील नांवावरून ‘डिजिटॅलिस’ हें नांव केलें. पुढें १७८५ सालीं विदरिंग या इंग्रज डॉक्टरानें त्या झाडाचा जलोदर व सुजेवरील उपयोग सिद्ध केला, आणि हृदयरोगावरील औषध म्हणून तें नांव जगभर चालू राहिलें.

मिरची आणि मका

आतां आमच्या वाचकांस विशेष गंमत वाटेल असा भाग सांगतों. कोलंबस १४९२ सालीं अमेरिकेस पोंचला. त्यानंतर पन्नास वर्षांच्या आंत तिकडील कित्येक पिकें जर्मनींतील बागांत आलीं होतीं. फुक्सच्या ग्रंथांत मका, मिरची, श्रावणघेवडा, भोपळा व झेंडू यांचीं चित्रें आहेत. मक्याचें छापील चित्र असलेल्या आरंभींच्या ग्रंथांत याची गणना होते.

परंतु हीं पिकें अमेरिकेंतून आलीं हें फुक्सला ठाऊक नव्हतें. मका तुर्कांच्या मुलुखाकडून आला असें ऐकून त्यानें त्यास ‘तुर्की धान्य’ म्हटलें. मिरचीस त्यानें ‘कालिकतची मिरीं’ हें नांव दिलें. कारण तिखट पदार्थ म्हणजे मिरीं, आणि मिरीं येतात कालिकतहून, असा सर्वांचा समज होता. खरें पाहतां मिरची आपल्या देशांत पोर्तुगीज लोकांबरोबर आली. कालिकतचें तें पीक नव्हे. मात्र आपणही फुक्सला हंसूं नये. आपल्या वाडवडिलांनींही या नव्या पिकास जुन्या मिऱ्यांवरूनच ‘मिरची’ हें नांव दिलें!

या चुकीपासून घ्यावयाचा बोध मोठा आहे. फुक्सनें जें डोळ्यांनीं पाहिलें तें बिनचूक उतरलें. जें कानांनीं ऐकलें तें चुकलें. पण चित्र खरें असल्यामुळें पुढील लोकांस चुकीचें नांवही दुरुस्त करितां आलें. आज कोणीही शेतकरी तें चित्र पाहून ‘ही आमची मिरची’ असें तत्काळ सांगेल. नांव खोटें व वर्णनही खोटें असतें, तर दुरुस्ती कशाच्या आधारें झाली असती?

उणीवा व अखेर

फुक्स निर्दोष नव्हता. ग्रीक ग्रंथांवर त्याची श्रद्धा इतकी होती कीं, भूमध्यसमुद्राकांठच्या वनस्पतींचीं जुनीं वर्णनें तो जर्मनींतील रोपांस बसवूं पाही. कुळें पाडून वर्गीकरण करण्याऐवजीं त्यानें ग्रीक नांवांच्या अक्षरक्रमानें प्रकरणें लाविलीं. वनस्पतींस दोन शब्दांचीं नांवें देण्याची पद्धति सरसकट लागू होण्यास लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापर्यंत वाट पाहावी लागली. फुक्सचा स्वभावही तापट होता; आपलीं चित्रें चोरल्याबद्दल फ्रँकफुर्ट येथील एका मुद्रकाशीं तो कडाक्यानें भांडला.

पहिला ग्रंथ छापल्यावर तो स्वस्थ बसला नाहीं. चोवीस वर्षें खपून त्यानें पहिल्याच्या कित्येक पट मोठा असा दुसरा ग्रंथ सिद्ध केला; त्यासाठीं पंधराशेंहून अधिक चित्रें तयार झालीं. पण १५५७ सालीं त्याचा मुद्रक वारला, आणि एवढा खर्च अंगावर घेण्यास दुसरा कोणी पुढें येईना. १० मे १५६६ रोजीं फुक्स मरण पावला. ग्रंथ तसाच राहिला. तें हस्तलिखित व्हिएन्ना येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत जपून ठेविलें आहे. पुढें प्लूमिये या फ्रेंच संशोधकानें वेस्ट इंडीज बेटांतील एका सुंदर फुलझाडास १७०३ सालच्या आपल्या ग्रंथांत ‘फुक्सिया’ असें नांव दिलें. फुक्सनें तें फूल कधीं पाहिलेंही नव्हतें.

आपण काय करावें?

हें सर्व वाचून शेतकऱ्यानें स्वस्थ न बसतां एक साधी वही घालावी, अशी आमची विनंति आहे. शेतांत, बांधावर वा ओढ्याकांठीं जें अनोळखी रोप दिसेल, त्याची नोंद पुढील सहा सदरांखालीं करावी :

१. नांवें : आपल्या गांवचें व शेजारच्या गांवांचें, सर्व लिहावीं, एकही गाळूं नये.
२. आकृति : मूळ, खोड, पान, फूल, बीं. जमल्यास चित्र काढावें.
३. स्थळ : काळी, मुरमाड कीं पाणथळ जमीन, कोणत्या पिकांत.
४. काळ : कोणत्या नक्षत्रांत उगवलें, केव्हां फुललें, बीं केव्हां गळलें.
५. गुण-दोष : गुरें खातात कीं टाळतात, पिकास अपाय होतो काय.
६. पुरावा : हें स्वतः पाहिलें कीं कोणाकडून ऐकलें.

फुक्सच्या ‘प्रकृती’च्या जागीं सहावें सदर आम्हीं आमच्या पदरचें घातलें आहे, तें कोणीही वगळूं नये. रोपाचा एक नमुना फुलासह जुन्या वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवावा आणि वाळेपर्यंत कागद रोज बदलावा. जाणत्या माणसास तो दाखविला कीं नांवाचा वाद तेथेंच मिटतो.

गाजरगवत १९५० नंतरच्या दशकांत पुण्याकडे प्रथम नजरेस आलें. त्यास कोणी काँग्रेस गवत म्हणूं लागले, कोणी चटकचांदणी. नांवें वाढत गेलीं आणि गवत त्यांच्याही पुढें धांवलें. परकें तण शेतांत शिरतें तेव्हां पहिल्या वर्षीं त्याचीं चार रोपें असतात. तीं चार रोपें ज्याच्या वहींत नोंदलीं गेलीं, त्यास तीं उपटून टाकण्यास एक सकाळ पुरते.