लेकीची काळजी, लग्नाची घाई

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला जातो. लेक १५ वर्षांची आहे. कायदा माहीत असूनही तिचं लग्न उरकावंसं वाटतं. असं का होतं?
– एक वाचक, धारूर (जि. बीड)

उत्तर : लेकराला जपण्याची ओढ उपजतच असते. पण जपायचं म्हणजे लग्न लावायचं, हे भावकीत बघून अंगवळणी पडतं. त्यात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती ‘कोयत्या’ला, म्हणजे जोडप्याला, तो हिशेबही घाई वाढवतो. लेकीच्या काळजीपोटी वाटणारी तुमची भीती खरी आहे, उपाय मात्र विचारानं निवडा. फडावर दमल्या जिवाला सवयच ओढून नेते. म्हणून लेकीची सोय कुठं करायची, ते गाव सोडण्याआधीच ठरवा. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. १८ वर्षं पूर्ण होण्याआधी मुलीचं लग्न लावणं २००६च्या कायद्यानं गुन्हा आहे. मदतीसाठी १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.