रेन नव्हे, राखी वटवट्या

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, १९७८ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटी ही उद्योगवसाहत स्थापन झाली. तेथील कुंपणांच्या झुडपांत शेपटी उभी धरून हिंडणारा एक चिमुकला पक्षी दिसतो. इंग्रजी पुस्तकांतील चित्रे पाहिलेला विद्यार्थी त्यास सहजच ‘रेन’ म्हणेल. परंतु ते बरोबर नाही. रेन-कुलातील एक जात वगळता बाकी सर्व जाती अमेरिका खंडातच आढळतात. आणि ती एक जातही भारतात केवळ हिमालयात राहते.

मग हा पक्षी कोणता? हा राखी वटवट्या होय. उभ्या शेपटीच्या साम्यावरून जुन्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञांनी त्याच्या नावास ‘रेन’ हा शब्द जोडला. नात्याने मात्र तो निराळ्या कुलातील आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साईक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधील पक्ष्यांवरून केले.

त्याची लांबी सुमारे १३ सेंटिमीटर असते. डोके व पाठ राखी, पोट फिकट तांबूस, चोच काळी आणि पाय तांबूस असतात. लांब शेपटीच्या टोकाशी काळे पट्टे व पांढऱ्या कडा दिसतात. साधा वटवट्या रंगाने मातकट असून त्याच्या डोळ्यावर फिकट भुवई असते. शिंपी पक्ष्याची पाठ हिरवट व माथा तांबूस असतो. तेव्हा पाठीचा रंग प्रथम पाहावा.

रंग न दिसल्यास कानांचा उपयोग करावा. नर झुडपाच्या शेंड्यावर बसून एकच स्वर भराभर पुन्हा पुन्हा काढतो. दचकून उडताना ठिणग्या उडाव्यात तसा ‘चट्‌चट्’ आवाज येतो. तो पंखांमुळे होत असावा, असे मानतात.

घरट्यावरून मात्र घाईने निर्णय करू नये. शिंप्याप्रमाणे हाही पक्षी कधी पाने शिवून घरटे करतो, तर कधी गवताची पिशवी विणतो. खात्रीची खूण अंड्यांत आहे: ती बहुधा तीन ते पाच, तुकतुकीत व विटकरी लाल असतात, शिंप्याची अंडी फिकट व ठिपकेदार असतात. तथापि ही खूण पडताळण्यासाठी घरट्यास हात लावू नये. कधी कधी कोकिळ-कुलातील पक्षी याच घरट्यात आपले अंडे घालतात.

वटवट्या कीटक खातो व स्थलांतर करीत नाही. वर्षभर त्याच परिसरात राहतो. त्याचे घरटे जमिनीपासून फार उंच नसते. अंडी उबण्यास सुमारे १२ दिवस लागतात. या अवधीत कुंपण छाटले गेले, तर सारी वीण वाया जाते. म्हणून शाळेच्या अथवा कारखान्याच्या आवारात, विशेषतः पावसाळ्यात, कात्री चालविण्यापूर्वी झुडूप काही वेळ दुरून न्याहाळावे. चोचीत कीटक घेऊन पक्षी वारंवार त्याच ठिकाणी शिरत असेल, तर आत पिले आहेत असे समजावे व छाटणी पुढे ढकलावी.