वारा अडव, हवा नको

अगं, काल फोनवर तू मोठ्या कौतुकाने म्हणालीस, "ताई, खुराड्याच्या सगळ्या फटी फोम भरून बुजवल्या, आता थंडी आत शिरायची नाही." तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. तू कामाच्या गडबडीत होतीस म्हणून गप्प राहिले. आता निवांत बसून वाच, आणि वाचून झालं की वरच्या बाजूचा तो फोम काढून टाक.

व्हर्मांटची थंडी तुला नवी आहे. मी मिनेसोटात इतके हिवाळे काढले, पण कोंबड्या पाळल्या त्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. पत्र्याखाली थर्मोकोल, भिंतींना प्लास्टिक, दाराच्या कडेला चिंध्या. जानेवारीतली एक सकाळ होती, बाहेर उणे 25. दार उघडलं तर उग्र वासाने डोळ्यांतून पाणीच आलं. खिडकीच्या काचेला आतल्या बाजूने जाड रव्यासारखं हिव साचलेलं. छपरातून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढरा गोठलेला थेंब. आणि कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं राखाडी पडलेली. आठवड्याभरात ती काळी होऊन गळाली. शेजारच्या शेतातल्या आजी बघायला आल्या. काही न बोलता त्यांनी आतल्या छतावरून हात फिरवला आणि ओला तळवा माझ्यापुढे धरला. त्यांच्या कोंबड्या मात्र अर्ध्या उघड्या गोठ्यात त्याच थंडीत धडधाकट होत्या.

हे असं का होतं, ते समजून घे. कोंबडीच्या अंगाची ऊब मुळातच 41 अंशांच्या आसपास. रात्री ती पिसं फुलवून बसते तेव्हा पिसांमध्ये हवा कोंडते आणि तीच तिची गोधडी होते. ती गोधडी कोरडी असेल तर उणे तापमानही ती सहज सोसते. पण रात्रभर तिच्या श्वासातून वाफ निघते, आणि शिटेत तर तीन चतुर्थांश पाणीच असतं. सहा कोंबड्यांचा हा सगळा ओलावा बंद खोक्यात कुठे जाईल? लाकडावर, पिसांवर, तुऱ्यावर. तुरा आणि चोचीखाली लोंबणारे गलोल उघडे, त्यांना पिसांचं पांघरूण नाही. ओले झाले की तिथलं मांस गोठतं. शिवाय ओल्या शिटेतून अमोनिया सुटतो, तो थेट त्यांच्या छातीत जातो.

आपल्या आजीचं घर आठव. चूल दिवसभर पेटलेली, धुराडं नाही, तरी धूर वर चढायचा आणि कौलांच्या फटींतून, वळचणीतून बाहेर जायचा. खाली बसलेल्या आपल्याला वारा लागत नसे. तुझ्या खुराड्याला हेच हवंय. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर, अगदी छपराला लागून लांबलचक झरोके ठेव. दर कोंबडीमागे एक चौरस फूट, म्हणजे तुझ्या सहांना सहा चौरस फूट. ऐकायला जास्त वाटतं, पण कमी करू नकोस. त्यांवर अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी वॉशर घालून स्क्रूने आवळ. साधी षटकोनी जाळी रॅकून हाताने फाडतो. छपराची वळचण फूटभर पुढे काढलीस तर बर्फ आत येत नाही. वाऱ्याच्या बाजूला बर्फ उडून येतोच, तिथे बिजागरीची फळी लाव, वादळाच्या रात्री तेवढी बाजू बंद करता येते.

खालच्या फटी मात्र तू बुजवल्यास ते उत्तम केलंस. बसायच्या दांडीच्या उंचीवर वारा अजिबात लागता कामा नये. दांडी गोल नको. साडेतीन इंच रुंदीची फळी आडवी ठेव, म्हणजे बसल्यावर पायाची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. आणि झरोके त्यांच्या डोक्यापेक्षा निदान फूटभर वर राहू देत.

पाहायचं कसं, ते सांगते. भुसा पसरण्याआधी, कोंबड्या बाहेर असताना, उदबत्ती लावून दांडीजवळ धर. धूर सरळ वर गेला पाहिजे. तिथेच आडवा पळाला तर कुठेतरी फट राहिलीय. झरोक्यापाशी मात्र तो बाहेर ओढला गेला पाहिजे. मग हिवाळाभर रोज सकाळी दार उघडल्यावर दोनच गोष्टी कर: कोंबडीच्या उंचीवर वाकून वास घे आणि काचेकडे बघ. उग्र वास आला किंवा आतून हिव दिसलं तर झरोके वाढव.

हीट लॅम्प आणायचा विचार असेल तर हात जोडते, आणू नकोस. कोरडा भुसा, धूळ, पिसं आणि तापलेला दिवा, आग लागायला किती वेळ? आणि बर्फाच्या वादळात वीज गेली की उबेला सोकावलेल्या कोंबड्यांवर एकदम थंडी कोसळते. पाण्याचं भांडं रात्री आत ठेवू नकोस, तेही ओलावाच वाढवतं. जमिनीवर सहा इंच कोरडा लाकडी भुसा घाल, हलवत राहा, ओला झालेला काढ.

हवा खेळती ठेवायची, हे माझ्या एकटीचं म्हणणं नाही. अमेरिकेतल्या प्रिन्स वुड्स नावाच्या डॉक्टरांनी मोकळ्या हवेच्या खुराड्यांवर पुस्तक लिहिलं, ते 1924 सालचं. त्यांच्या खुराड्यांची दक्षिणेची बाजू हिवाळ्यातही उघडी, फक्त जाळी लावलेली. खुराडं खोल असल्याने मागच्या टोकाला बसलेल्या पक्ष्यांपर्यंत वारा पोचत नसे.

पुढच्या वर्षी नवी पिल्लं आणशील तेव्हा शँटक्लेअर बघ. क्वेबेकमधल्या ओका इथल्या एका मठातल्या साधूने ही जात तिथल्या थंडीसाठीच तयार केली. तिचा तुरा आणि गलोल इतके लहान की गोठायला फारसं काही उरतच नाही. तुझ्याकडच्या लेगहॉर्नचे तुरे मोठे आहेत, म्हणून मला त्यांची जास्त काळजी.

येत्या शनिवारी शिडी लावून कामाला लाग. नवऱ्याला जाळी धरायला उभा कर, हातमोजे घाल, कापलेल्या जाळीची टोकं फार लागतात. रात्री मला फोटो पाठव. अख्ख्या खुराड्याचा नको, आतून वर बघून वळचणीचा.